झाकून ठेवलेला पंप

पोळा होऊन आठवडा लोटला की मारेगावच्या सकाळीला एक वास येतो. कुठल्या बाजूनं, ते सांगता येत नाही. गावाच्या चारही बाजूंना कापूसच आहे. किंचित गोडसर, किंचित रॉकेलसारखा, आणि एकदा आत गेला की घशाच्या मागे ठाण मांडून बसणारा. दिनदर्शिकेत त्याची नोंद नसते. तिथं गणपती असतात, गौरी असतात, पितृपक्ष असतो. पण आमच्याकडे भाद्रपद ओळखायचा तो या वासावरून. त्यासाठी कोणी खिडक्या लावून घेत नाही. फवारणी सुरू झाली, एवढं म्हणतात आणि चहाला बसतात.

यंदाही तो आला, आणि मला एक हंगाम आठवला. हंगाम मी पुष्कळ पाहिले. पण ज्यात मी स्वतः काही केलं असा हा एकच. उरलेल्यांत मी वाचत होतो.

वाचणं हे माझं कामच होतं म्हणा. मी इथल्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंड बाहेरून हिरवंगार, टवटवीत, आणि फोडलं की आत गुलाबी अळी निवांत झोपलेली. त्या वर्षांत आमच्याकडे बाहेरून फार माणसं आली. पत्रकार आले, संशोधक आले, समित्या आल्या, आणि आधीच्या समित्यांनी काय केलं ते तपासणाऱ्या समित्याही आल्या. सगळे वाचनालयात यायचे, कारण तालुक्यात पंखा आणि स्वच्छ संडास एकाच इमारतीत असण्याची सोय दुसरीकडे नव्हती. त्यांना दुःख हवं असायचं, आणि तेही साडेचारच्या आत, कारण अंधार पडायच्या आधी नागपूर गाठायचं असायचं. मला विचारायचे, कोणी भेटेल का? मी म्हणायचो, आता एक जण मासिक बदलायला येईल, त्याला भेटा. ते नको असायचं.

त्यांच्या वहीत आमचा जिल्हा म्हणजे एक लांबलचक हुंदका होता. हुंदका देणाऱ्यालाही सायकलचं पंक्चर काढावं लागतं, मिक्सरचं भांडं घट्ट बसवून घ्यावं लागतं, शेजाऱ्याशी नळावरून भांडावं लागतं. ते लिहायला त्या वहीत समास सोडलेला नव्हता.

त्याच सुमारास शहरातल्या एका संस्थेला वाचनालयामागची खोली आवडली. त्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे आणि त्यांवर जगणारी वाळवी अशी दोन्ही संपत्ती होती. गठ्ठे माळ्यावर गेले, भिंतींना आकाशी रंग आला आणि दारावर पाटी लागली: ग्रामीण नवोन्मेष व कौशल्यसंवर्धन केंद्र. उद्घाटनाला व्यासपीठावर अकरा जण होते आणि समोर नऊ. शाली संपल्या तेव्हा एका पाहुण्याला टेबलावरचा कपडा घडी घालून पांघरला. त्यांना ते कळलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. पाटीवरचं नाव एका दमात कोणालाच म्हणता येईना. महिन्याभरात गावानं त्याचं करून टाकलं खटपट खोली.

दर रविवारी तिथं कार्यशाळा भरायची. संस्थेनं प्रणव नावाचा समन्वयक नेमला होता, तिशीतला, शहरातला, मनापासून काम करणारा आणि सतत मोबाइलवर कोणाला तरी अहवाल देणारा. रंगीत डबे आले. त्यांत तारा, मोटारी, चाकं, बारके दिवे. प्लास्टिक वितळवून वस्तू घडवणारं एक यंत्रही आलं. ते गणपती घडवायला घ्यायचं आणि वीज गेली की अर्ध्यात थांबायचं, त्यामुळे खोलीत गणपतीचे पाय पुष्कळ जमले. पण मला त्या खोलीचा खरा बदल वासात जाणवला. आधी तिथं ओल्या कागदाचा वास होता. आता तारांना डाग देताना निघणाऱ्या राळेच्या धुराचा, गरम डिंकाचा, आणि माणसांच्या घामाचा होता. वाचनालयात इतकी वर्षं काढूनही मी घाम गाळणारे वाचक पाहिले नव्हते. मागच्या खोलीतून हातोडीचा आवाज आला की पुढच्या दालनात रोज पेपर वाचायला बसणारे आमचे पेपरवाले मान वर करायचे, आणि एकेक जण हळूच मागे सरकायचा. मी त्यांना अडवलं नाही. हातांच्या महतीवर मी चिक्कार पुस्तकं वाचली होती आणि मला घरचा प्लग बदलता येत नव्हता.

नसीमा आली ती भांडायला. बसस्टँडच्या मागे तिच्या वडिलांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. वडिलांची नजर गेल्यापासून दुकान तीच चालवायची. खोलीतल्या कोणीतरी तिचा पान्ह्यांचा संच नेला आणि चार दिवस परत केला नव्हता. ती तो घ्यायला आली, संच घेतला, आणि टेबलावर चाललेला प्रकार पाहून थांबली. जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून एक छोटी गाडी आपली आपण चालत होती. वळण आलं की वळायची. लोक टाळ्या वाजवत होते. प्रणवनं तिला अभिमानानं सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"गाडी लय हुशार हाय," ती म्हणाली. "पन पट्टी पहिलेच कोनीतरी मारून ठेवली ना? मंग हुशार कोन, गाडी का पट्टीवाला?"

प्रणव हसला. मला वाटतं तो त्या वेळी खरंच हसला, आणि म्हणूनच मला तो शेवटपर्यंत वाईट माणूस वाटला नाही. त्यानं तिला पुढच्या रविवारी शिकवायला बोलावलं. ती आली आणि तिनं खोलीला एक रिवाज लावला: रिकाम्या हातानं कोणी यायचं नाही, प्रत्येकानं घरची एक मोडकी वस्तू आणायची. मी तो सुवाच्य अक्षरात लिहून दारावर लावला. मग काय काय आलं. बंद पडलेल्या बॅटऱ्या, बायकांचे गळके कुकर, एका निवृत्त मास्तरांचा रेडिओ, ज्यात झुरळांनी दोन पिढ्या काढल्या होत्या. रंगीत डबे कपाटात गेले. समोर वस्तू उघडून बसलेल्या माणसांचे चेहरे मी त्या काळात पाहिले. दुःख शोधत येणाऱ्यांना ते चेहरे दाखवायला हवे होते. जिभेचं टोक बाहेर, भुवया जवळ आलेल्या, आणि लक्ष त्या वस्तूपलीकडे कुठंही नसलेले.

सुमन आली ती पितृपक्षाच्या आधीच्या रविवारी. बस जिथं वणीकडे वळते त्या बाजूच्या एका गावातली, नवरा-बायको दोघंही दुसऱ्यांच्या वावरात कामाला. पाठीवर बांधायचा फवारणीचा पंप तिनं डोक्यावरून आणला होता. तो टेबलावर ठेवून पदरानं मान पुसत ती उभी राहिली. नसीमानं पंप फिरवून पाहिला, दांडा चालवला, झाकण उघडलं.

"मोडलं काय याच्यात?"

"काई नाई," सुमन म्हणाली. "पंप चांगला हाय, बाई. चालवनारा मोडून राह्यला."

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा देवराव फवारणीची कामं करतो. त्या साली कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता, त्यामुळे फवारा पिकावर मारायचा म्हणजे स्वतःच्या तोंडासमोरच मारायचा. नाल्याचं पाणी गाळीव नसतं, पावडर नीट विरघळत नाही, आणि नोझल तुंबतं. तुंबलं की तो ते काढून तोंडानं फुंकतो. दिवसातून किती वेळा, ते मोजायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. मागच्या पंधरवड्यात तो वावरातच कोसळला. दवाखान्यात त्याला दिसत नव्हतं, सुमनला त्यानं बांगड्यांच्या आवाजावरून ओळखलं. आता घरी आला होता, दिसायला लागलं होतं, आणि दसऱ्याच्या आधी पुन्हा फवारणीला जाणार होता. नको म्हणून उपयोग नव्हता. दुसरं काम नव्हतं. ती म्हणाली, त्याला थांबवून द्या असं मी म्हणत नाही, फक्त ते नोझल तोंडात जाऊ नये असं काहीतरी करा.

नसीमा ऐकता ऐकता नळीच्या टोकाचं नोझल सोडवत होती. सोडवलं, उजेडाकडे धरलं, भोकात कचरा दिसला. आणि तिनं ते ओठांना लावून फुंकलं.

सुमन शांतपणे म्हणाली, "पाह्यलं? हेच."

नसीमा उठून बाहेरच्या नळावर गेली. बराच वेळ चुळा भरत होती. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी लाज म्हणणार नाही. राग होता, आणि तो कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं. अब्बाला असंच करताना पाहिलं, म्हणाली. कोणी शिकवलं नाही, आणि कोणी चूक आहे असंही म्हटलं नाही. दुकानात येणारं प्रत्येक नोझल ती आधी फुंकायची, मग दुरुस्त करायची.

मी नंतर त्यावर पुष्कळ विचार केला. फुंकणं ही आपली पहिली दुरुस्ती आहे. पेनाचं टोपण, टॉर्चचे सेल, हार्मोनियमची पट्टी, पुस्तकावरची धूळ, लेकराचा खरचटलेला गुडघा, सगळ्याला आपण आधी फुंकर घालतो. चुलीपुढे बसलेली बाई तर दिवसाची सुरुवातच फुंकून करते. त्यात मायाच असते. इतक्या मायेच्या सवयीत विष येऊन बसलं होतं, आणि ते काढण्यासाठी जी भित्तिपत्रकं लावली जात होती त्यांवर लिहिलेलं असे: फवारणी करताना योग्य ती खबरदारी घ्यावी. योग्य ती म्हणजे कोणती, ते त्या चित्रातल्या गोऱ्यापान, पांढरे हातमोजे घातलेल्या, हसऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असावं. तो मला आमच्या तालुक्यात कधी भेटला नाही.

पुढचे तीन रविवार खोलीनं दुसरं काही केलं नाही. टाकीच्या तोंडाला दुहेरी जाळी बसवली, म्हणजे कचरा आत जाणारच नाही. तरी थोडा जायचाच. टाचणीनं नोझल साफ करून पाहिलं. भोक मोठं होऊन फवारा पिचकारीसारखा पडायला लागला. सायकलचा पंप लावून पाहिला. त्याला दोन हात आणि एक पाय लागतो, आणि चिखलात उभ्या माणसाला एवढे अवयव मोकळे नसतात. शेवटी नसीमानं एका भंगारातल्या ऑटोचा भोंगा आणला, जुन्या पद्धतीचा, रबरी गोळा दाबून वाजवायचा. त्याचा पितळी कर्णा काढून टाकला आणि गोळ्याला नोझल बसेल अशा आट्यांचं तोंड लावलं. ते तोंड यवतमाळला लेथवर करून आणावं लागलं, आणि त्यासाठी ती दोन वेळा एसटीनं गेली. नोझल आट्यांवर फिरवायचं, गोळा दाबायचा, फुस्स. कचरा समोर उडून पडायचा. पहिल्यांदा तो निवृत्त मास्तरांच्या चष्म्यावर पडला, आणि त्यांनी चष्मा न पुसता टाळ्या वाजवल्या.

सुमननं गोळा हातात घेऊन दोनदा दाबला. "ही तर फुकनी झाली," म्हणाली. चुलीशी असते ती. झालं, नाव पडलं.

ते नाव फार दिवस टिकू दिलं गेलं नाही. प्रणवनं फोटो वर पाठवले आणि वरून आनंदाची लाट आली. खटपट खोलीतून प्रथमच काहीतरी निघालं होतं. मोठा मेळावा घ्यायचं ठरलं, मोठे पाहुणे यायचे ठरले, आणि फुकणीचं नाव श्वासरक्षक ठरलं. पाहुण्यांच्या हस्ते तिचं अनावरण होणार होतं. त्यासाठी मूळ नमुना हवा होता, म्हणजे देवरावचाच पंप, कारण जाळ्या त्यालाच बसवल्या होत्या आणि लेथवर केलेलं तोंड एकच होतं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं प्रणवनं सुमनला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आयुष्यभर मी कार्यक्रमांत हीच एक हालचाल करत आलो होतो.

वाचनालयाच्या पुढच्या दालनात टेबल मांडलं. त्यावर पंप, पंपाला फुकणी, आणि दोन्हींवर मोरपंखी सॅटिन. कोणी हात लावू नये म्हणून दालनाला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे. पेपर वाचणारे लोक पायरीवर बसून पेपर वाचू लागले. संस्कृतीच्या प्रसारासाठी वाचनालय बंद ठेवण्याची ती पहिलीच वेळ नव्हती, पण एका पंपासाठी पहिलीच.

पाहुणे दोन दिवसांनी आले नाहीत. त्यांची बैठक होती. मग पुढची तारीख ठरली, तेव्हा दुसरी बैठक होती. मंडप तसाच. ऑक्टोबरचं ऊन चढत होतं, झेंडू सुकून टोपल्यांनी बदलले जात होते, ध्वनिक्षेपकवाला रोज येऊन हॅलो हॅलो म्हणून जात होता. कुलुपामागे मोरपंखी कापड स्थिर. मी सकाळी दार किलकिलं करून पाहायचो. वाचनालयात एखादं पुस्तक कोणी उघडत नाही तेव्हा मला जसं वाटतं तसंच वाटायचं, फक्त या वेळी ते पुस्तक उघडायला माणूस तयार होता आणि मीच त्याला थांबवलं होतं.

सातव्या की आठव्या सकाळी सुमन आली. मी कुलूप पाहत पायरीवरच उभा होतो; नसीमाही दुकान उघडायला जाताना तिला पाहून वळली. देवराव निघाला होता. ज्यांच्या वावरात काम होतं त्यांच्याकडे एक जुना पंप होता, जाळी नाही, काही नाही. तो तोच घेणार होता. सुमननं त्याला नाल्यापाशी थांबवून ठेवलं होतं, तासाभरात पंप आणते म्हणून.

मी प्रणवला फोन लावला. तो बिचारा आधीच रडकुंडीला आला होता. पाहुणे आज नाहीतर उद्या नक्की येणार होते. सर, फक्त दोन दिवस, म्हणाला. आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याची नोकरीही त्या सॅटिनखाली आहे. मी तसं सुमनला सांगितलं. जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "भाऊ," ती म्हणाली, "तुमचे पाव्हने कवाबी येतीन. अळी आज आली हाय. अन् तो आज फुकीन."

यावर उत्तर म्हणून माझ्याकडे पुष्कळ वाक्यं होती. ग्रंथपालाकडे असतातच. संस्थेची जबाबदारी, दिलेला शब्द, शिस्त, एका दिवसानं काय होतं. ही सगळी वाक्यं मी या ना त्या पुस्तकात वाचली होती आणि प्रत्येक वेळी ती बोलणारा माणूस मला नावडला होता. नसीमा माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहत होती.

मी कुलूप काढलं. यात शौर्य म्हणावं असं काही नव्हतं. ते कुलूप वाचनालयाचं, आणि बिघडलेलं; नुसतं ओढलं तरी उघडायचं. नसीमानं सॅटिन काढून त्याची व्यवस्थित घडी केली. मी पट्टे धरले, सुमननं पंप पाठीवर घेतला, फुकणी कमरेला खोचली, आणि मागे न बघता ती रस्त्याला लागली. आमच्या मागून पायरीवरचे पेपरवाले आत शिरले आणि आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसले, जसं काही झालंच नाही.

टेबल रिकामं दिसत होतं. नसीमा म्हणाली, सर, इथं एक चिठ्ठी ठेवा, नाहीतर चोरी झाली म्हणतील. वाचनालयाच्या सूचना मी ज्या टाकानं लिहितो त्यानंच मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पंप फवारणीवर गेला आहे.

आणि पाहुणे त्याच दिवशी आले. यवतमाळहून निघाले होते, वाटेत कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन, अचानक. चार वाजता गाड्यांची रांग वाचनालयासमोर थांबली. प्रणवचं तोंड पांढरं पडलं. पण खरा चमत्कार सूत्रसंचालकानं केला. त्याच्या हातातल्या कागदावर स्वागत, दीपप्रज्वलन, अनावरण असा क्रम होता आणि त्यानं आयुष्यात कधी क्रम मोडला नव्हता. त्यानं धावत जाऊन रिकाम्या टेबलावर सॅटिन पसरलं. चिठ्ठी खालीच राहिली. दिवा लागला, हार झाले, पाहुण्यांनी कापड ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पुरेशा झाल्यावर पाहुण्यांच्या लक्षात आलं की समोर काहीच नाही. ध्वनिक्षेपक तोंडाशी होता. समोर अक्षरं होती. सवयीनं त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"पंप फवारणीवर गेला आहे."

चौकापर्यंत ऐकू गेलं. कोणीतरी मागून हसलं. मग पेपरवाले हसले. मी त्या दालनात इतक्या वर्षांत इतका मोकळा आवाज ऐकला नव्हता.

पाहुण्यांना राग आला नसावा; राग येण्यासाठी आधी कळावं लागतं. त्यांनी विचारलं, मग आम्ही पाहायचं काय? प्रणव काही बोलण्याआधी नसीमा पुढे झाली.

"वावर इथून धा मिनटावर हाय, साहेब," ती म्हणाली. "मानूस काम करून राह्यला. चला ना, दाखवतो."

तिनं ते उर्मटपणे म्हटलं नाही. खरंच बोलावत होती. पदर सावरून चालायलाही लागली होती. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, चपलांकडे पाहिलं, मग सचिवाकडे पाहिलं. पुढच्या वेळी नक्की, असं म्हणाले. जाण्यापूर्वी त्यांनी ग्रामीण प्रतिभेवर पंचवीस मिनिटं भाषण केलं. वावरात जाऊन यायला वीसच लागली असती.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. प्रणवची बदली झाली. जाताना त्यानं माझा हात बराच वेळ हातात धरला. दिवाळीनंतर टेम्पो आला आणि रंगीत डबे, वितळवणारं यंत्र, खुर्च्या घेऊन गेला. पाटी तेवढी राहिली, कारण शिडी कोणाकडे नव्हती. आम्हाला वाटलं खोली संपली. रविवारी दार उघडलं तर चौदा माणसं मोडक्या वस्तू घेऊन बाहेर उभी होती. गणपतीचे पाय एकानं पेपरवेट म्हणून घरी नेले. खुर्च्या गेल्या, पण जमिनीवर बसायची कोणाला सवय नव्हती असं नाही. अजूनही खोली भरते. मोठं काही तिथून निघालं, असं मी म्हणणार नाही. फवारणीचं विष नाहीसं झालं नाही, कापूस उंच वाढायचा तेव्हा वाढतोच, आणि वास, म्हटलं तसा, यंदाही आला. जग बदलणारे लोक आमच्याकडे येऊन गेले. त्यांना बदलायला जग होतं. आमच्यासमोर एका माणसाचं तोंड होतं.

पण तो मेळाव्यानंतरचा रविवार सांगायचा राहिला. देवराव त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः आला. उंच, वाळकासा, उजेडात आला की डोळे बारीक करणारा माणूस. मागे सुमन. त्यानं पंप टेबलावर ठेवला, फुकणी पुढे केली आणि सरळ तक्रारी सांगायला लागला. हात ओले असले की गोळा सटकतो. ठेवायला जागा नाही, लेंग्याला खिसा कुठं असतो. दोनदा चिखलात पडली. मोरपंखी कापड, अनावरण, चौकात ऐकू गेलेलं वाक्य, यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही. नसीमा एकेक तक्रार पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहून घेत होती. तिचा चेहरा इतका प्रसन्न मी कधी पाहिला नव्हता.

"अजून काई?" तिनं विचारलं.

देवराव मग खाली पाहत म्हणाला, "हाव. सवय जात नाई, बाई. नोझल तुंबलं का हात आपोआप वर जाते. तीन डाव तोंडापाशी नेलं."

"मंग?"

"हे बांधावर उभी होती," त्यानं सुमनकडे मान केली. "तिनं हाक मारली. तिन्ही डाव."

सुमन दिवसभर बांधावर उभी होती. त्या उन्हात, त्या वासात, आपलं काम सोडून, नवऱ्याच्या हातावर नजर ठेवून. तिला त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नसावं. पण रोज ती उभी राहू शकणार नव्हती, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

नसीमानं कपाटातून सुताची मजबूत दोरी काढली, फुकणीला बांधली, आणि देवरावला उजेडात उभं राहायला सांगितलं. दोरी गळ्यात घातली. फुकणी त्याच्या पोटाशी लोंबायला लागली. त्याला म्हणाली, नोझल तुंबलं असं समज आणि हात उचल. त्यानं उचलला. हात पोटावरून, छातीवरून, थेट ओठांशी गेला. तिनं दोरी आखूड केली, गाठ मारली. पुन्हा उचल. या वेळी मनगट गोळ्याला घासून वर गेलं. खोलीतले सगळे उठून भोवती जमले होते, आणि मीही.

"अजून वर घे," सुमन म्हणाली. "गळ्यापाशी. तोंडाच्या पहिले तेच लागलं पाह्यजे हाताले."

नसीमानं दोरी अजून चार बोटं आखूड केली, गाठ दातांनी ओढून घट्ट केली, आणि म्हणाली, "हां. आता उचल."